देव उचलल्याचा दिवस

शेषराव खोडके माणसांना नावानं ओळखत नसत, घराच्या क्रमांकानं ओळखत. एका लग्नात नवरदेवाच्या बापाशी माझी ओळख करून देताना ते म्हणाले, "हे आपले चौदाशे बारा." तो बापडा अक्षतांची मूठ तशीच धरून उभा राहिला. मग शेषरावजींनी त्याला विचारलं, मागच्या अंगाला काढलेली खोली घरपट्टीत लावून घेतली की नाही. त्या माणसानं पंगत उठेपर्यंत आमच्याकडे पाहिलं नाही.

नगरपालिकेच्या करविभागात त्यांचा जन्म गेला होता. मूळचे खामगावचे, वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. मापात चुकायचं नाही हे ते घरातच शिकलेले. निवृत्त झाल्यावर आठ दिवस घरी बसले आणि नवव्या दिवशी माझ्या शेडमध्ये आले. तहसील कचेरीसमोर माझं टिनाचं शेड आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार लिहून देणं हा माझा धंदा. एक खुर्ची रिकामी होती. "बसू काय?" म्हणाले आणि बसले ते पुढची बारा-तेरा वर्षं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात फुटाण्याची पुडी, बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप आपला आवाज खाली आणावा लागे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. लोक अजून विचारत येतात, आणि मी अजून चिडतो.

त्यांच्याकडे येणारी भांडणं एकाच जातीची असत. घरपट्टी येते एप्रिल ते मार्च अशा वर्षाची, आणि घर विकलं जातं मध्येच कधीतरी. पालिकेचं बिल आलं की घेणारा म्हणतो, मी तर संक्रांतीला आलो. विकणारा म्हणतो, मी तर दसऱ्यालाच गेलो. लाखांचा व्यवहार पेढे वाटून झालेला असतो आणि तीन महिन्यांच्या पट्टीवरून दोघं एकमेकांचं खानदान काढतात. अशा दोघांना कोणीतरी शेषरावजींकडे पाठवून देई.

"मले रक्कम सांगू नका, दिवस सांगा," ही त्यांची सुरुवात. खरेदीखताची तारीख ते बाजूला ठेवत, कारण माणसं ती सोयीनं धरतात. चावीची तारीख तर दोघांची कधीच जुळत नाही. मग ते दोन्ही घरच्या बायकांना बोलावून घेत. विकणाऱ्याच्या बायकोला विचारत, "बाई, तुमचे देव कवा उचलले?" आणि घेणाऱ्याच्या बायकोला, "तुमचे कवा बसवले?" नवरे व्याज, दलाली, रंगकाम यांत गुंतलेले असत, बायकांना मात्र देव्हारा हलवल्याचा दिवस तिथीवारासकट पाठ असे. देवांचे चांदीचे टाक कोणी मांडीवर घेतले, रिक्षात कोण पुढे बसलं, नारळ कुठे फोडला, सगळं. मुसलमान घर असलं तर ते कुराणशरीफ कोणत्या दिवशी हलवलं ते विचारत. त्या दिवसापर्यंतची पट्टी जुन्या मालकाची, पुढची नव्याची. मी कागद टाइप करायचा, दोघांच्या सह्या व्हायच्या, आणि खाली साक्षीदार म्हणून शेषरावजींची लांबलचक सही.

हे कायद्यात बसतं का, असं मी एकदा विचारलं होतं.

"कायद्यात नाई बसत," ते म्हणाले. "पण देवाच्या दिवसाबद्दल कोनी खोटं बोलत नाई."

माझा यावर फारसा विश्वास नव्हता, पण बारा वर्षांत त्यांचा एकही कागद उलटला नाही हेही खरं. एक सांगतो. एका व्यवहारात जुने देव गेले आणि नवे यायला अठरा दिवस लागले. मधल्या अठरा दिवसांची पट्टी कोणाची? दोघांनी हात वर केले. शेषरावजींनी खिशातून स्वतःच्या नोटा काढल्या, हिशेब करून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, घर त्या दिवसांत कोणाचंच नव्हतं तर माझं समजा. दोघंही असे ओशाळले की शेषरावजींच्या नोटा परत त्यांच्याच खिशात कोंबण्यासाठी झटापट झाली. मी नंतर म्हटलं, भाऊ, घेतल्या असत्या तर? "माणसाले लाज असते बे," ते म्हणाले आणि फुटाणे पुढे केले.

त्यांचा आणखी एक नेम होता. भांडणातल्या घरात ते पाऊल ठेवत नसत. आत गेलं की चहा येतो, आणि चहा प्याला की मन तिकडे कलतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळं विचारून ठरवायचं, पाहून काहीच नाही. मला तेव्हा हा नेम फार थोर वाटायचा.

यादवराव आणि सुनंदाबाई आमच्याकडे आले ते पौषात. सुनंदाबाई देऊळघाटच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. हाती आलेला सगळा फंड घालून त्यांनी कार्तिकात आमच्या गावात, म्हणजे त्यांच्या माहेरच्या गावात, चार खोल्यांचं घर घेतलं होतं. विकणारे यादवराव वडनेर भोलजीचे मोठे शेतकरी. पिकल्या मिशा, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि बोलणं असं की साखर कमी पडावी. त्यांनी येतानाच पेढ्यांचा पुडा आणला होता.

भांडण ऐकून आम्ही दोघंही चकित झालो. यादवरावांना पूर्ण वर्षाची पट्टी स्वतः भरायची होती, आणि सुनंदाबाईंना ते मान्य नव्हतं. "कार्तिकापासूनची माझी होते. माझ्या वाट्याची मले भरू द्या," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. यादवराव हात जोडून म्हणत होते, एकट्या बाईमाणसाकडून मी पैसे घेऊ काय.

शेषरावजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. यादवरावांनी मान खाली घातली. देव अजून त्याच घरात आहेत, म्हणाले. भावकीत सुतक आलं, मग मुहूर्त टळला, आता गुरुजी म्हणतात कुलदैवत चैत्रातच हलवा. सुनंदाबाईंनीही होकार दिला. मधल्या खोलीत भिंतीतल्या देवळीत यादवरावांचे टाक होते. दुसऱ्याच्या देवांना हात कसा लावायचा, म्हणून त्यांनी स्वतःचे देव स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवले होते आणि रोज दोन्हीकडे दिवा लावत होत्या.

यादवरावांच्या पत्नी आल्या नव्हत्या. गुडघे धरलेत, म्हणाले. शेषरावजींनी पहिल्यांदाच एका पुरुषाच्या शब्दावर देवाचा दिवस लिहून घेतला. मला वाटतं ते खूश झाले होते. इतक्या वर्षांत जास्त पैसे द्यायला निघालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्यांचा नियम एका गरजू बाईच्या कामी येत होता. सुनंदाबाई कुरकुरल्या तर ते हसून म्हणाले, "बाई, देव ज्याचे घरात, पट्टी त्याची. बाराशे घराईले लावलेला नियम तुमच्यासाठी बदलू काय?" घर सुनंदाबाईंच्या नावावर चढवायचा पालिकेतला अर्जही देव गेल्यावरच द्यावा, असं यादवरावांनी सुचवलं. तेही ठरलं.

कागद मीच टाइप केला. 'सदर घरात यादवराव यांचे देव असल्याने घराचा ताबा त्यांचेकडेच आहे, सबब चालू वर्षाची संपूर्ण घरपट्टी त्यांनीच भरावी.' ताबा या शब्दापाशी माझं बोट अडखळलं होतं. जेवणाची वेळ झाली होती आणि मी बोललो नाही. याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर सुनंदाबाई अधूनमधून शेडमध्ये यायला लागल्या. आधी कौतुकानं सांगायच्या, यादवराव दर गुरुवारी देवदर्शनाला येतात. मग म्हणाल्या, रोज येतात. अकराला येतात, तास-दीड तास बसतात. खाली बसवत नाही म्हणून एक खुर्ची ठेवून गेलेत. पुढच्या खेपेला खुर्चीच्या जागी खाट आली होती, पाठ टेकायला. त्यांचा गडी येऊन अंगण झाडून जातो, न सांगता. चैत्र लागला तसे गुरुजी म्हणे वैशाखावर गेले. एक दिवस सुनंदाबाई आल्या त्या उभ्याच राहिल्या. देवळीच्या खोलीला कुलूप होतं, म्हणाल्या. देवाचे दागिने आहेत, एकट्या बाईच्या जिवाला घोर नको, असं यादवरावांनी सांगितलं होतं. आणि दिवा? दिवा आता ते स्वतः येऊन लावणार होते.

शेषरावजींच्या हातातला फुटाणा तोंडाशी जाता जाता थांबला. "कुलूप कोनाचं?" त्यांनी विचारलं.

"त्याइचंच. चावी मले दिली नाई."

त्या दिवशी शेषरावजी चार वाजताच उठून घरी गेले, आणि जाताना चपला उलट्या घालून परत फिरले.

वैशाखात सुनंदाबाईंना वकिलाची नोटीस आली आणि पाठोपाठ कोर्टाचा कागद. यादवरावांचं म्हणणं असं, की त्यांनी घर विकलंच नाही. बाईंकडून उसने पैसे घेतले आणि तारण म्हणून नावापुरतं खरेदीखत करून दिलं. ताबा एक दिवसही सोडला नाही. पुरावा काय, तर वर्षभराची पट्टी त्यांनी भरली आहे, पालिकेत नाव त्यांचं आहे, आणि ताबा त्यांच्याकडेच असल्याचा कागद खुद्द करविभागात हयात घालवलेल्या माणसाच्या सहीनं आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बाईंनी त्यांना घरात यायला-राहायला अडवू नये, असा हुकूम त्यांनी मागितला होता.

सुनंदाबाईंचे वकील स्पष्ट बोलले. खरेदीखत पक्कं आहे, शेवटी दावा टिकणार नाही. पण शेवट यायला दहा वर्षं लागतील. हा हुकूम मिळाला तर हा माणूस उद्या अंथरूण घेऊन येईल, आणि बाई त्या घरात एक महिना राहू शकणार नाहीत. त्यांच्याकडे जायला दुसरं घर नव्हतं.

शेषरावजींनी तो कागद आपल्या सहीसकट दोनदा वाचला. मग सुनंदाबाईंना विचारलं, "बाई, कुलूप लावायच्या आधी टाक नीट पाह्यले होते तुमी? नाकं कशे होते त्याइचे?"

बाईंना प्रश्न कळला नाही. मोबाइलमध्ये देवदिवाळीचा फोटो होता, तो त्यांनी दाखवला. शेषरावजींनी माझ्याकडून तो मोठा करून घेतला. चांदीच्या टाकांवर देवांची नाकं, डोळे, हातातली आयुधं अगदी ठसठशीत दिसत होती. कोपऱ्यात कुंकवाचा कण नव्हता.

"चार पिढ्या घासलेल्या टाकाले नाक राह्यते काय बे अरुण?" ते म्हणाले. "हे बजारातून आनलेले आहेत. मी घरात गेलो असतो तर मले उंबरठ्यातून दिसलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं वडनेरला गेलो. यादवराव शेतात गेले होते. त्यांच्या पत्नी ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. गुडघ्यांचं दुखणं काही दिसलं नाही, चटकन उठून पाणी घेऊन आल्या. शेषरावजी पायरीवरच उभे राहिले आणि त्यांनी पौषात विचारायचा प्रश्न वैशाखात विचारला.

"बाई, गावातल्या घरातून तुमचे देव कवा उचलले?"

"आमचे देव तिथं कायले जातीन?" बाई सरळ म्हणाल्या. "माह्या सासूनं बसवले तवापासून अठीच आहेत. त्या घरात तं भाडेकरूच रायत होते."

तेवढं बोलून त्यांची नजर आमच्या मागे गेली. त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. यादवराव फाटकात उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण चेहऱ्यावरची साखर तशीच होती. आम्हाला बसवलं, चहा मागवला. शेषरावजींनी कपाला हात लावला नाही.

"शेषरावजी, तुमी मोठे मानूस," यादवराव म्हणाले. "बाराशे घरात तुमच्या सहीचे कागद आहेत, तुमीच सांगतल्ते. त्यातला एक खोटा आहे म्हनून तुमी कोर्टात लिवून देसान, तं बाकीच्या घरवाल्याइनं काय समजाचं? मी सांगीन त्याइले. एकेकाले सांगीन. तुमाले मंग या वयात लोक जेवू देतीन काय?" हे ते इतक्या मायेनं बोलले, की दूर उभ्या असलेल्या माणसाला वाटलं असतं प्रकृतीची चौकशी चालली आहे. आतून तूर पाखडण्याचा आवाज येत नव्हता.

त्या बाई कोर्टात येऊन काही सांगणार नाहीत हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. परतीच्या गाडीत मी त्यांना बरंच समजावलं. वकील बघून घेतील, खरेदीखत पक्कं आहे, तुम्ही आजारी पडा, पुण्याला लेकीकडे जा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर घरं मोजत बसले. प्रत्येक गावात तसं करायची त्यांना सवयच होती.

सकाळी शेड उघडायला आलो तर ते दारात उभे. म्हणाले, प्रतिज्ञापत्र लिहायचं आहे, संगणक लाव. मी लिहायला बसलो. माझ्या परीनं मी मऊ शब्द शोधत होतो. 'नजरचुकीने', 'गैरसमजातून' असं घालू पाहत होतो. त्यांनी ते खोडायला लावलं.

"मी घरात पाय ठेवला नाई. देव पाह्यले नाई. यादवरावाच्या बायकोले विचारलं नाई. ताबा कोनाचा होता ते मले मालूम नव्हतं, तरी मी सही केली. असं लिव."

मी लिहिलं.

"आता लिव, देव उचलल्याच्या दिवसावरून पट्टी वाटाची पद्धत मी सोता काढली. तिले कायद्याचा कोनताच आधार नाई."

माझे हात थांबले. हे वाक्य कोर्टात गेलं की बाराशे कागद उघडे पडत होते, आणि हे त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, भाऊ, एवढं वाक्य गाळू, आधी लिहिलं तेवढ्यानं काम होते.

"नाई होत. वकील इचारीन, मंग बाकीचे कागद खरे कशे? तवा मी काय सांगू?" ते म्हणाले. मी तरी लिहीना. तसे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई घराबाहेर पडीन, बे. लिव."

मी लिहिलं. माझ्या डोळ्यांपुढची अक्षरं मला दिसत नव्हती, म्हणून त्या कागदात दोन चुका राहिल्या. त्यांनी त्या पेनानं दुरुस्त केल्या आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही केली.

न्यायाधीशांनी यादवरावांचा अर्ज फेटाळला. त्या दिवशी सुनंदाबाईंनी लोहार बोलावून देवळीच्या खोलीचं कुलूप तोडलं, टाक वकिलांकडे जमा केले आणि आपले देव फळीवरून देवळीत आणले. दावा चालू आहे, चालू राहील. पण त्या घरात त्या राहतात आणि पट्टी त्यांच्या नावानं येते. पेढे घेऊन आल्या होत्या. शेषरावजींनी पेढा हातात घेतला आणि तसाच पुडीत परत ठेवला.

पुढच्या सोमवारी मी शेडकडे वळलो तो लांबूनच माणसं दिसली. दहा-बारा तरी असतील, ओळीनं उभी. कोणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, कोणाकडे जुनी फाइल. समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर यादवराव बसले होते. एस.टी.तून उतरून कोणी इकडेतिकडे पाहू लागलं की ते कप खाली ठेवत आणि बोट करून त्याला आमच्या शेडचा रस्ता दाखवत. मला पाहून त्यांनी नमस्कार केला.

शेषरावजी खुर्चीवर ताठ बसले होते. पहिला माणूस चाळिशीचा होता, कपाळावर आठ्या. त्यानं घडीवर फाटत आलेला एक कागद टेबलावर पसरला. या कागदानं माझ्या बापाला पाच महिन्यांची पट्टी जास्त भरावी लागली, ती बरोबर होती की तीही तुमच्या मनानं काढली, असं तो विचारत होता. त्याच्या मागची माणसं ऐकायला पुढे सरकली.

शेषरावजींनी कागद जवळ घेतला. वरचा क्रमांक वाचला तशी त्यांच्या तोंडावर ओळख उमटली, आणि क्षणभर मला वाटलं की सगळं ठीक होईल.

"सही माहीच आहे," ते म्हणाले. "तुमच्या घरून मले दिवस कोनी सांगतला होता?"

"आजीनं."

"तिले घेऊन या. तिले पक्कं याद असीन."

"आजी वारली. पाच वर्सं झाले."

शेषरावजी त्या कागदाकडे पाहत राहिले. त्यांचा अंगठा तारखेवरून पुढेमागे फिरत होता. मग त्यांनी मान वर केली आणि त्या माणसालाच विचारलं, "मंग आता मी कोनाले इचारू?"

तो माणूस कागद न उचलता तसाच उभा राहिला, आणि मागच्या बाईनं हात लांब करून आपला कागद त्या कागदावर ठेवला.